करंजीच्या शोधात

नव्या गावी बिऱ्हाड केले म्हणजे माणसाला पुष्कळ गोष्टी नव्याने शोधाव्या लागतात. दूधवाला शोधावा लागतो, वाणी शोधावा लागतो, न्हावी शोधावा लागतो, आणि मुले लहान असतील तर या सर्वांच्या आधी डॉक्टर शोधावा लागतो. हे सारे शोध महिन्या-दोन महिन्यांत पुरे होतात. परंतु एक शोध असा आहे की, तो वर्षे लोटली तरी संपत नाही, आणि त्याविषयी चारचौघांत बोलण्याचाही संकोच वाटतो. तो म्हणजे आपल्या गावच्या एखाद्या पदार्थाचा शोध. पोटाला दोन वेळचे अन्न मिळत असताना जिभेने हट्ट धरावा, हे प्रौढ माणसाला शोभत नाही, असे आपण मनाला बजावतो. पण सण जवळ आला की जीभ कोणाचे ऐकत नाही. माझ्या अशाच एका हट्टाची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे. पदार्थ अगदी साधा होता : ओल्या नारळाची करंजी.

मी राहतो ती बमरोली सुरत शहराच्या दक्षिण अंगाला आहे. शेजारीच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत. तेथे कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे कारखाने, आणि सभोवार गल्लोगल्ली यंत्रमागांचे गाळे. मागांचा खडखडाट येथे रात्रीही थांबत नाही. उलट वीज जाऊन तो एकाएकी थांबला, तर झोपलेले मूल दचकून जागे होते. जवळच्या उधना स्थानकावरून ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास जातो. या मार्गाने कित्येक वर्षांपासून खानदेशातील माणसे सुरतेस येत आली आणि येथलीच होऊन राहिली. त्यामुळे आमच्या भागात मराठी शाळा आहेत, मराठी पाट्या आहेत, आणि नळावर अहिराणी ऐकू येते. २०१५ साली वसईहून मी येथे शिक्षक म्हणून आलो, तेव्हा आपण एका मराठी मुलखातून दुसऱ्या मराठी मुलखात चाललो आहोत, अशी माझी समजूत होती.

ही समजूत पहिली दोन वर्षे टिकली, याचे कारण माझी आई. येथल्या शाळांना दिवाळीची सुटी मोठी, पण नाताळची सुटी एकाच दिवसाची. त्यामुळे नाताळात वसईला जाणे जमत नसे. तेव्हा धाकटा भाऊ पहाटेची गाडी पकडून पंचवीस डिसेंबरला दुपारच्या आत आमच्या दारी हजर होई. त्याच्या पिशवीत एक पितळी डबा असे आणि डब्यात आईने आदल्या रात्री तळलेल्या करंज्या. आमच्या वाडीतल्या नारळाचे किसलेले ओले खोबरे, त्यात गूळ, थोडी वेलची, आणि वर पातळ खुसखुशीत पारी. इंग्रज लोक नाताळात मिन्स पाय खातात. आमची करंजी ही त्याच गोत्रातली म्हणावयाची : बाहेर पीठ आणि आत गोड गुपित. एक भट्टीत भाजली जाते, दुसरी कढईत तळली जाते, एवढाच भेद. गोव्यात हिलाच नेवरी म्हणतात. तेथे ती चतुर्थीला गणपतीपुढेही असते आणि नाताळात ख्रिस्ती घरीही असते. करंजीला धर्म विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आई गेली. त्या वर्षी शरद ऋतू लागला आणि माझ्या मनात प्रथमच हा विचार आला की, यंदा डबा येणार नाही. मग मी करंजी विकत घ्यावयाची ठरविली. सुरतेसारखे खवय्यांचे शहर! ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातेत लहान मुलालाही ठाऊक असते. अशा शहरात एक करंजी मिळू नये काय?

शोधाची सुरुवात घारीने झाली. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चांदणी पडवा असतो. त्या रात्री सुरतकर मंडळी गच्चीवर किंवा उघड्या मैदानावर बसून घारी आणि फरसाण खातात. घारी म्हणजे माव्याचे आणि सुक्या मेव्याचे सारण भरलेली, तुपात तळलेली आणि पुन्हा थिजलेल्या तुपाने माखलेली गोल चकती. १८५७ च्या धामधुमीत तात्या टोपे यांच्या सैनिकांना बळ यावे म्हणून ती प्रथम केली, अशी कथा येथे सांगतात. कथा खरी असो वा नसो, एक घारी खाल्ल्यावर लढाईला जाण्यापेक्षा निजण्याचीच इच्छा अधिक होते. पदार्थ उत्तम, परंतु तो करंजीचा श्रीमंत मामा आहे, करंजी नव्हे.

दिवाळीच्या सुमारास मिठाईच्या दुकानांतून घूघरे आले. घूघरा ही गुजरातची करंजी. आकार तोच, कडेची मुरडही तशीच नाजूक. मी मोठ्या आशेने अर्धा किलो घेतले. आत भाजलेला रवा, मावा, सुके खोबरे आणि साखर. चवीला चांगले; पण माझ्या जिभेने मान हलविली. मी दुकानदाराला विचारले, “ओल्या नारळाचे करीत नाही का?” तो हसला आणि म्हणाला, “मास्तरसाहेब, ते केले तर आजच्या आज विकावे लागेल. उद्या मी ते कोणाला देऊ?”

त्या वेळी मला त्याचे उत्तर केवळ व्यापारी वाटले. पुढे विचार केल्यावर त्यातील तथ्य ध्यानी आले. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. सुक्या खोबऱ्यात ते शेकडा सहा-सातांवर येते. जेथे पाणी आहे तेथे आंबणे आहे, बुरशी आहे. ओले सारण दुसऱ्या दिवशी उतरू लागते आणि त्याच्या ओलाव्याने पारीही मऊ पडते. म्हणून दुकानात रवा येतो, मावा परतून येतो, खोबरे सुकून येते. सुरतेची प्रसिद्ध नानखटाई आणि बटर घ्या. डचांच्या मागे राहिलेली पावाची भट्टी पुढे दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थांकडे आली. ताडीने आंबविलेला तो पाव स्थानिक गिऱ्हाईक घेईना, तेव्हा उरलेला पाव सुकवून विकण्याची युक्ती निघाली, असे सांगतात. सुकला म्हणून तो टिकला, आणि टिकला म्हणून नावारूपाला आला. बाजाराचा नियमच असा आहे. जे टिकते तेच विकत मिळते.

माझ्या घरातही हाच वाद होता. माझी पत्नी नाशिककडची. तिच्या माहेरच्या करंजीत सुके खोबरे, खसखस आणि पिठीसाखर असते, आणि ती पंधरा दिवस डब्यात राहते. तिच्या मते हीच खरी करंजी, आणि माझी करंजी म्हणजे एका रात्रीचे लाड. मी म्हणे, “तुमच्या मुलखात नारळ वाण्याच्या दुकानात मिळतो; आमच्याकडे तो अंगणात पडतो.” असे आमचे प्रेमाचे भांडण दरवर्षी होई. त्या नाताळात मात्र तिने आपण होऊन बाजारातून दोन नारळ आणले. आम्हा दोघांनाही कृती अर्धवटच ठाऊक होती. खोबरे आणि गूळ किती वेळ शिजवावे, हे आईला कधी विचारलेच नव्हते. विचारावे लागेल, असे वाटलेही नव्हते. सारण सैल राहिले. कढईत सोडलेली पहिलीच करंजी फुटली, गूळ तेलात उतरला, तेल उडाले आणि पत्नीच्या मनगटावर फोड आला. उरलेले सारण आम्ही मुलीला पोळीबरोबर दिले आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला निघून गेलो. त्या रात्री प्रार्थनेत माझे चित्त नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे.

शोध तरीही थांबला नाही. होळीला उत्तर प्रदेशातील एका कुटुंबाने गुजिया पाठविल्या. पुन्हा मावा. अक्षय तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला, माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने मला मांडे खावयास बोलावले. चूल पेटवून तिच्यावर मातीचे खापर उपडे घातलेले. पुरण भरलेला गोळा आजीबाई हातांवर फिरवीत फिरवीत एवढा मोठा करीत की, तो कोपरापर्यंत पसरे, आणि मग अलगद खापरावर टाकीत. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; पण मांडा भाजताना मी प्रथमच पाहिला. आजीबाई म्हणाल्या, “मास्तर, हे आता वर्षातून एकदाच. या खोलीत धूर कोंडतो, घरमालक रागावतो, आणि सुनांना हातावर जमत नाही.” आमरसाबरोबर मी तो मांडा पोटभर खाल्ला. घरी परतताना मनात आले की, या माउलीचा शोधही माझ्यासारखाच आहे. तिला चूल हवी, मला नारळ हवा, आणि उरलेले वर्षभर आम्ही दोघेही मनातले मांडे खात असतो.

आता मला माझ्या एका अपराधाविषयी बोलले पाहिजे.

आमच्या खोलीच्या समोरच्या दारी एक ओडिया कुटुंब राहत होते. सुरतेच्या मागांवर ओडिशातील, विशेषतः गंजाम जिल्ह्यातील, माणसे लाखांनी काम करतात. बहुतेकांची कुटुंबे गावीच असतात. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने निजतात आणि खानावळीत जेवतात. समोरच्या गृहस्थांनी मात्र पत्नीला आणि मुलाला बरोबर आणले होते. बारा तासांची पाळी करून ते परत येत तेव्हा त्यांच्या केसांवर सुताची पांढरी पूस बसलेली असे. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवीत असू. तीन वर्षे आम्ही एवढेच केले. त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते. मराठी माणसे कोठली, कोणत्या तालुक्याची, हे मी पहिल्या महिन्यातच विचारून घेतले होते. पण समोरच्या दाराशी मला काही कर्तव्य आहे, असे मला वाटले नव्हते.

वस्तुतः खूण मला पहिल्या दिवसापासून मिळत होती. संध्याकाळी कधी कधी त्या दारातून सुकी मासळी भाजल्याचा वास येई. आजूबाजूची मंडळी नाक मुरडीत. मला मात्र तो वास एकदम वसईच्या किनाऱ्यावर नेऊन सोडी. परंतु सुकी मासळी खाणारा माणूस समुद्रकाठचा असला पाहिजे, आणि समुद्रकाठच्या माणसाच्या घरी नारळ असलाच पाहिजे, एवढा साधा सिद्धांत मुलांना भूगोल शिकविणाऱ्या मला सुचला नाही. मी करंजीला तिच्या नावाने शोधीत होतो, आणि म्हणून फक्त मराठी दारे ठोठावीत होतो. नारळ भाषेच्या सीमा पाहत नाही; तो समुद्राचा काठ पाहतो.

२०१८ चा डिसेंबर होता. गुरुवारी सकाळी शाळेला निघालो तेव्हा समोरच्या उंबऱ्यापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाने काढलेली इवलीशी पावले दिसली. आमच्या खानदेशी शेजारणींच्या घरीही त्या दिवशी मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडलेला होता. ओडिशातही मार्गशीर्षाच्या गुरुवारी लक्ष्मीचीच पूजा होते. धान्य मोजण्याचे माप भरून मांडतात आणि त्यालाच देवी मानतात. त्यांचा महिना आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, इतकेच. एकाच गल्लीत दोन मुलखांतल्या स्त्रिया एकाच दिवशी एकाच देवीची पूजा करीत होत्या, आणि एकीला दुसरीची वार्ता नव्हती.

संध्याकाळी त्या बाई एक झाकलेली थाळी घेऊन आमच्या दाराशी आल्या. मोडक्या हिंदीत त्यांनी माझ्या पत्नीला सांगितले की, देवीपुढचा नैवेद्य घराबाहेर न देण्याची त्यांच्या घरची रीत आहे. म्हणून मुलीसाठी हे निराळे केले आहे, आणि ते आम्हाला चालेल ना? थाळीत तांदळाच्या उकडीचे पांढरे गोळे होते. त्याला मंडा पिठा म्हणतात, आणि आमच्या मोदकाचा तो सख्खा भाऊ शोभेल. त्याच्या शेजारी तांबूस तळलेल्या, चपट्या, गोल अशा चार काकरा. मी एक काकरा मोडली. आत ओला नारळ होता आणि गूळ होता.

श्रोतेहो, त्या क्षणी मला काय वाटले, ते सांगण्याचा मी प्रयत्न करीत नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि ती काही न बोलता पाण्याचा पेला घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या दारी गेलो आणि तीन वर्षांनी प्रथमच त्या गृहस्थांना त्यांचे नाव विचारले. त्यांचे गाव गंजाम जिल्ह्यात, गोपाळपूरच्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. ब्रह्मपूरहून निघालेली गाडी नागपूर, भुसावळ करीत, ज्या मार्गाने खानदेशी मंडळी येतात त्याच ताप्ती खोऱ्यातून त्यांना सुरतेस आणते. घराच्या मागे नारळाची सात झाडे आहेत, हे सांगताना त्यांचा चेहरा मी प्रथमच हसरा पाहिला. नारळाला त्यांच्या भाषेत ‘नडिआ’ म्हणतात, हा शब्द माझ्या मुलीने त्याच दिवशी पाठ केला.

आमचे कोडे त्या बाईंनी दोन मिनिटांत सोडविले. खोबरे आणि गूळ मंद आचेवर इतके परतावयाचे की, सारणाचा गोळा कढईची कड सोडील आणि बोटाला चिकटणार नाही. त्याआधी ते पारीत भरले, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पारी फोडून बाहेर येते. काकरासाठी त्या रव्याची उकड काढतात. आम्हाला करंजीसाठी साधी पारीच हवी होती; पण सारणाची खूण दोन्हीकडे एकच. त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या लहानशा स्वयंपाकघरात दोघी बसल्या. एक नाशिककडची, एक गंजामची, आणि करंजी वसईची. एकही फुटली नाही. सारणात त्या बाईंनी सवयीने चिमूटभर काळी मिरी घातली होती. आईच्या करंजीत मिरी नव्हती. मी काही बोललो नाही, आणि तिसऱ्या करंजीनंतर मला बोलावेसेही वाटले नाही.

२०१९ चा नाताळही आम्ही असाच केला. मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी झाली आणि बमरोलीतले माग थांबले. पहिल्या रात्री त्या शांततेने आमची मुलगी खरोखरच दचकून उठली. समोरच्या घरी काम नाही, मजुरी नाही, अशी अवस्था झाली. आम्ही एकमेकांना जमेल तेवढे पीठ-तांदूळ पुरविले. मे महिन्यात ओडिशाकडे विशेष गाड्या सुटू लागल्या, तेव्हा ते कुटुंब गावी गेले. जाताना त्या बाईंनी पत्नीला आपली नारळ खवण्याची विळी दिली. पुढे माग सुरू झाल्यावर गृहस्थ परत आले, पण एकटेच. आता ते इतरांसारखे एका खोलीत पाळीने निजतात आणि खानावळीत जेवतात. त्यांचा मुलगा गावी शाळेत जातो.

आता दर नाताळात माझी पत्नी त्या विळीवर नारळ खवते. करंजीत मिरी असते. मुलीला तर मिरीवाचूनची करंजी असते, हेच ठाऊक नाही. पंचवीस डिसेंबरला मी आठ-दहा करंज्या डब्यात घालून त्यांच्या खोलीवर नेऊन देतो. त्या त्याच दिवशी खाव्या लागतात. त्यामुळे ते खोलीतल्या सर्वांना वाटून टाकतात. डबा तोच आहे, भाऊ आणीत असे तो पितळी.

नव्या गावी गेलेल्या माझ्या श्रोत्यांना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. टिकणाऱ्या वस्तू दुकानात मिळतात, आणि दुकाने चांगली आहेत. त्यांची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु जे एका रात्रीपुरतेच चांगले असते ते विकत मिळत नाही. ते ओळखीने मिळते, आणि ओळख समोरच्या दारी जाऊन करून घ्यावी लागते. मी त्यासाठी तीन वर्षे लावली. आपण तितकी लावू नयेत.